उत्तनचं आवतण

आमच्या सिल्व्हर पार्कमधल्या बिल्डिंगचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सुट्टी लागली की त्यावर फोटो पडायला लागतात. पाचव्या मजल्यावरचे मनालीत बर्फ उडवतायत, अकराव्या मजल्यावरचे अंकल दुबईत उंटावर बसलेत, वगैरे. उत्तनचा फोटो मात्र आजपर्यंत एकही आलेला नाही. उत्तन आमच्याच महानगरपालिकेत आहे, एक रिक्षा आणि एक बस केली की आलं. तरी कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अच्छा, वो बीचवाला? सुना है." तर मी तिथे जाऊन आले. नुसती जाऊन नाही, राहून आले. आणि ते लिहून काढतेय, कारण तोंडाने सांगणं मला जमत नाही.

हे विनयाने म्हणत नाहीये. मराठीच्या तोंडी परीक्षेला बाईंनी मला आधी पाणी दिलं, मग बसायला खुर्ची दिली, आणि शेवटी कंटाळून मार्क दिले. आतल्या आत मी भरपूर बोलते. बाहेर येताना कुठे अडकतं ते देव जाणे.

आम्ही मूळचे कराडचे. बाबांनी इथे फ्लॅट घेतला आणि लगेच कंपनीने त्यांना नागपूरला पाठवलं. आई अंधेरीला ऑफिसात, संध्याकाळ उलटल्यावर येते. दहावीची परीक्षा संपली आणि मी सातव्या मजल्यावर दिवसभर एकटी. किती एकटी, तर फ्रीजचा आवाज बंद झाला की दचकायचे.

सिल्व्हर पार्क, सातवा मजला

शेजारच्या फ्लॅटमध्ये अन्सेल अंकल आणि त्यांची बायको राहतात. दोघंही नोकरीवाले. त्यांच्याकडे अंकलची आई आली होती, रेजिना मावशी. घशाचं मोठं ऑपरेशन झालेलं, त्यात आवाज कायमचा गेला. गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, कानात सोन्याच्या जड कुड्या, आणि भुवया अशा की आवाजाची गरजच पडू नये.

ती दार उघडं ठेवायची. आमच्या मजल्यावर कुणी दार उघडं ठेवत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी वॉचमन वर आला, "आंटी, सब ठीक है ना?" विचारायला. मावशीने त्याला हातानेच हाकललं. मग माझ्याकडे बघून टाळी वाजवली आणि पत्त्यांचा कॅट दाखवला. मी गेले. न बोलणारी मी आणि बोलता न येणारी ती. पॅसेजमध्ये चटई टाकून आम्ही रोज रमी खेळायचो. मावशी सरळसरळ चीटिंग करायची. पकडलं तर गळ्यावरच्या रुमालाला हात लावून आजारी चेहरा करायची.

हळूहळू मला तिचे ओठ वाचता यायला लागले. आईला न सांगितलेल्या गोष्टी मी तिला सांगायला लागले, अगदी मोठ्याने. शाळेत डबा खाताना माझ्या बाकावर कुणी बसत नाही, हेसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या पानांतला जोकर ओढून घेतला. मला कुणी इतकं हसवलं नव्हतं, खरंच.

फक्त एक होतं. लिफ्टचं दार वाजलं की तिची मान तिकडे वळायची. कोण येणार आहे, विचारलं तर तोंड फिरवायची. एक दिवस सांगितलं. कार्मेल. उत्तनची तिची मैत्रीण. लग्न होऊन दोघी एकाच आठवड्यात त्या गल्लीत आल्या, शेजारी शेजारी बोंबील वाळत घातले, एकमेकींची पोरं सांभाळली. आणि मावशी इथे येऊन चार महिने झाले तरी कार्मेल एकदा बघायला आली नव्हती. मावशीने ओठ हलवले ते मला स्पष्ट वाचता आले. "मी मेले असते तरी आली नसती."

अशात तिच्या थोरल्या मुलाच्या, डेनिस अंकलच्या, मुलीचं लग्न ठरलं. उत्तनला. मावशीने मला खुणेने सांगितलं, तू चल. आणि कशासाठी, तेही सांगितलं. कार्मेलच्या दारात जाऊन आवतण द्यायचं, म्हणजे लग्नाचं बोलावणं. मग बघू तिला लाज वाटते का. पण आवतण तोंडाने द्यावं लागतं, आणि तोंड माझं.

मी लगेच पळवाट शोधली. म्हटलं, "मावशी, कार्ड पाठव ना. नाहीतर मी व्हॉट्सअॅप करते." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गुपचूप पत्ते पिसायला घेतले.

आईने पहिल्यांदा नाही म्हटलं. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू स्वतःहून कुठेतरी जायचं म्हणतेयस, मृणाल? जा बाई."

भाईंदरहून बस

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस मिळते. अन्सेल अंकल म्हणत होते, लग्नाच्या दिवशी गाडीने जाऊ, आत्तापासून काय घाई आहे. पण ते ऑफिसला गेल्यावर मावशीने पिशवी उचलली, आणि मी घराला कुलूप लावलं.

बाजार आणि टॉवर मागे पडले की रस्ता एकदम मोकळा होतो. दोन्हीकडे मिठागरं, पांढऱ्या राशी, लांबवर कांदळवन. मग मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं येतात. कौलारू घरं, तुळशीवृंदावन, थोडं पुढे चौकात क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. मी खिडकीला नाक लावून बसले होते. दोन वर्षं इथे राहतेय आणि हे सगळं इतक्या जवळ होतं.

कंडक्टरला स्टॉप सांगायचं काम माझं होतं. मला तो स्टॉप आलेला दिसला. "थांबवा" हा शब्द जिभेवर आलाही. कंडक्टर फोनवर बोलत होता, मधे कसं बोलायचं, असा विचार करेपर्यंत बस पुढे गेली. त्याच्या पुढच्या स्टॉपलाही तेच. शेवटी मावशीने बसच्या पत्र्यावर तळव्याने अशा थापा मारल्या की ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर ओरडला, "क्या हुआ, कोई गिरा क्या?" भर उन्हात आम्ही तिथून उलट चालत आलो. मावशी काही बोलली नाही, म्हणजे भुवयांनीसुद्धा नाही. मला रडायला येत होतं. कंडक्टरला एक शब्द सांगता येत नाही, आणि ही मला गल्लीत हाका मारायला घेऊन चाललीये!

उत्तन, पहिली संध्याकाळ

उत्तनचा वास आधी येतो, गाव नंतर दिसतं. किनाऱ्याजवळ बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, तोंडात तोंड अडकवून. आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर एक टॉवेल वाळत घातला तर नोटीस लागते. इथे अख्खा किनारा वाळत घातलेला. पलीकडे होड्या, त्यांच्यावर झेंडे, आणि नावं येशूची, मारियाची, कुणाच्या तरी नातीची.

डेनिस अंकल समुद्रावर गेले होते. त्यांची बायको मोनिका मावशी आम्हाला दारात बघून गडबडली. "आई, तू आज कशी आयली? अन्सेल बोलला रविवारी आनीन." मग माझ्याकडे, "आनि ही कोनाची पोर हाय?" मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे माझी.

जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं लाल कालवण होतं, घरी कुटून बाटल्यांत ठासून भरलेल्या मसाल्याचं. आमच्याकडे मटणाला तांबडा रस्सा असतो, त्याला मी मोठी तिखट समजत होते. पहिल्या घासाला माझे कान गरम झाले. बोंबलात काटा नसल्यासारखाच असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अर्धा तास काटे शोधत बसले, आणि नवरी मुलगी शेरॉन तिच्या मेंदीच्या हाताने तोंड दाबून हसत होती.

आवतणाची पद्धत तिनेच समजावली. कराडला आम्ही पत्रिकेला हळदकुंकू लावतो, अक्षता देतो. सिल्व्हर पार्कमध्ये फोनवर पत्रिका येते, उघडली की सनई वाजते. या गल्लीत कागद चालत नाही. दारात उभं राहायचं, घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईचं नाव घेऊन हाक मारायची आणि बोलवायचं. तिने आतून "आयकलं" म्हटलं की त्या घराला आवतण पोचलं. उत्तर आलं नाही तर पुन्हा हाक मारायची, तीनदा. उत्तर घेतल्याशिवाय पुढच्या दारात जायचं नाही. गेलात, तर ते घर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.

"पन आई कशाला फिरते?" मोनिका मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. "ती आजारी हाय. मी देते उद्या सगल्यांना." हे म्हणताना तिने शेरॉनकडे पाहिलं. शेरॉन उठून पाणी आणायला गेली. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, मावशीच्या तब्येतीची काळजी असेल.

दुपारची गल्ली

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर घर झोपलं. मावशीने मला पायाने ढोसलं. ती नवं लुगडं नेसून तयार होती, केसात अबोलीचा गजरा. मागच्या दाराने आम्ही निघालो.

पहिल्या घरापुढे मावशीने माझी हनुवटी वर केली. मला ओठांनी नाव दिलं. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते कोंबडीलाही ऐकू गेलं नसतं. पुन्हा. मावशीने भिंतीवर थाप मारली, बसवर मारली तशीच. आणि काय झालं कोण जाणे, मी ओरडले. "आग्नेसबाय! रेजिनाबायच्या घरा लगीन हाय! रविवारी सगल्यांनी जेवाला या!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग, "आयकलं गो, आयकलं!" आणि एक म्हातारी बाहेर डोकावून म्हणाली, "रेजिना! तुजा आवाज आयला का काय!" मावशीने माझ्याकडे बोट केलं. ती हसली तेव्हा तिच्या गळ्यातून हवेचा आवाज आला, फुस्स फुस्स. आम्ही दोघी त्या दारात हसत सुटलो.

पुढच्या दोन घरांत मी आणखी मोठ्याने हाक मारली. खरं सांगू? मजा वाटायला लागली होती. माझा आवाज असा आहे हे मलाच माहीत नव्हतं. एका घरात फुगे दिले, मैद्याचे तळलेले, मऊ, गोडसर. ते खात खात आम्ही निघालो. मावशी आता पुढे चालत होती, भरभर, गजरा सारखा करत. वळणावर निळ्या दाराचं घर होतं. तिने थांबून लुगड्याचा पदर नीट केला आणि माझ्याकडे वळून ओठ हलवले. कार्मेल.

चार महिने ती लिफ्टकडे बघत होती, ते सगळं मला आठवलं. ही हाक नीट बसली पाहिजे, असं मनाशी ठरवून मी छातीभर श्वास घेतला.

"कार्मेलबाय! रेजिनाबायच्या घरा लगीन हाय! रविवारी सगल्यांनी जेवाला या!"

आत काहीतरी हललं. उत्तर नाही. मावशीने भुवई उडवली, बघ, रुसलीये. मी पुन्हा हाक मारली, जास्त जोरात. आतला पंखा कुणीतरी बंद केला. समोरच्या ओसरीवर जाळं विणणारा माणूस हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागला. मला वाटलं, माझं चुकतंय, आवाज पोचत नाहीये. तिसऱ्यांदा मी दोन्ही हात तोंडाशी धरून, असेल नसेल तेवढा जीव लावून ओरडले, "कार्मेलबाऽऽय!"

दारात तिची सून आली. जेमतेम चाळिशीची, काळ्या कपड्यांत. तिने मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा वेडावाकडा होत गेला आणि ती म्हणाली, "आयकलं." मग दाराला धरून खाली बसली. "मावशे, आई न्हाय गो. तुजा आपरेशन झाला, त्याच आठवड्यात गेली. तुला कोनी सांगला न्हाय?"

कुणी सांगितलं नव्हतं. मावशीच्या मुलांनी ठरवलं होतं, आधी आई बरी होऊ दे, मग लग्न उरकू दे, मग सांगू. गल्लीला वाटलं, मुलांनी सांगितलंच असेल. लग्नघरात मेलेल्या माणसाचं नाव कोण काढणार? आणि मी त्या दारात तिला तीनदा बोलावलं होतं, एकापेक्षा एक मोठ्याने.

मावशी ओट्यावर बसली. तोंड उघडलं होतं, छाती वरखाली होत होती, आणि आवाज काहीच नाही. माणसाला आक्रोश करताना मी टीव्हीवर पाहिलंय, कराडला मयतीत पाहिलंय. आवाज नसलेला आक्रोश मी कधी पाहिला नव्हता. तो बघवत नाही. सुनेने तिला मिठी मारली आणि दोघींच्या वाटचं तीच रडली.

बऱ्याच वेळाने मावशीने माझं मनगट धरून मला जवळ ओढलं. ओठ थरथरत होते, तरी मी ते वाचले. "ती आली नाही म्हणून मी तिच्यावर रागावले होते. चार महिने. रोज." मग थांबून, "राग धरायला तरी कोणी होतं."

मी तिच्या पायाशी बसून राहिले. थोड्या वेळाने तिने गल्लीच्या पुढच्या टोकाकडे बोट केलं. तिकडची घरं राहिली होती. मी मान हलवली, नाही. मला तिला सोडून जायचं नव्हतं, आणि खरं म्हणजे मला परत कुणाचंही नाव तोंडात घ्यायची भीती वाटत होती. या दारात हाक मारली आणि काय झालं! पुढच्या दारात कोण असेल, कोण नसेल? मावशीने पुन्हा बोट केलं. मग कार्मेलची सून डोळे पुसत म्हणाली, "जा पोरी. अर्धी गल्ली सोडली तर लोक मावशीला नाव ठेवतील. मी सांगते कोन कोन हायत ते." आणि तिने मला एकेक नाव दिलं, जिवंत बायकांची.

मी एकटी गेले. भिंतीवर थाप मारायला कुणी नव्हतं. प्रत्येक दारात हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत माझा श्वास अडकायचा. "आयकलं" ऐकू आलं की मला तिथेच रडू फुटायचं. आतल्या बायका बाहेर येऊन विचारायच्या, "अगो, लग्नाचा आवतन देते नि रडते कशाला?" मी रडत रडत पुढच्या दारात जायचे. पण एक घर सोडलं नाही.

रविवार

लग्नाचं काय सांगू? बँडवाले आले, डेनिस अंकल सूट घालून घामाघूम, शेरॉन इतकी सुंदर दिसत होती की माझी तिच्याशी बोलायची हिंमत झाली नाही. हो, अजूनही होत नाही, एका दुपारीत माणूस बदलत नाही. अन्सेल अंकल आले तेव्हा मावशीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ते तिच्या मागे उभे राहून हळूच म्हणत होते, "आई, डॉक्टर बोलले होते, टेन्शन नको." तिने वळून पाहिलं नाही.

जेवणाच्या वेळी निळ्या दारातली सून आली. आमच्याकडे सुतकातलं घर वर्षभर लग्नाला जात नाही, म्हणून मला आश्चर्य वाटलं. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आयकलं बोलली ना मी. आता घरात थोरली मीच." मावशी स्वतः उठली, तिच्या पानात वाढलं, आणि ती जेवून उठेपर्यंत पंख्याने वारा घालत बसली.

सोमवारी मी निघाले. मावशी परत येणार नव्हती. तिला उघडं दार हवं होतं, आणि आता लिफ्टकडे बघण्यासारखंही काही उरलं नव्हतं. पत्त्यांचा कॅट तिने मला दिला. नंतर मोजला तर त्यात एक जोकर कमी होता. गल्लीच्या वळणावरून मी हाक मारली, "रेजिनाबाय! मी जातेय!" आतून दारावर थाप पडली. बसमध्ये मी कंडक्टरला "भाईंदर स्टेशन" म्हणाले ते त्याला एकदाच सांगावं लागलं.

सिल्व्हर पार्क

सातव्या मजल्यावर सगळी दारं बंद होती. शेजारच्या दाराबाहेर मावशीच्या चपला असायच्या, ती जागा रिकामी. आमच्या दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव आहे. समोरच्या दारावर नुसता नंबर. त्या घरात कोण थोरलं आहे, आत कुणी आहे का नाही, मला काही माहीत नाही. फ्रीजचा आवाज चालू होता. मी चटई टाकून एकटीने पत्ते मांडले, पण एकटीने रमी होत नाही. चीटिंग तर अजिबातच नाही. खूप रडले त्या संध्याकाळी.

मग उठून दार सताड उघडलं आणि तसंच ठेवलं. आत जाऊन अंधारात पडून राहिले.

लिफ्ट वाजली. आईच्या चपला पॅसेजमध्ये आल्या आणि थबकल्या. उघडं दार, आत अंधार. तिच्या हातातली पिशवी खाली पडल्याचं मला ऐकू आलं. "मृणाल?" ती म्हणाली. मी उठून बसले. "मृणाल!" आता तिचा आवाज फाटला होता, आणि तो तसा का फाटतो हे मला कळत होतं. तिसरी हाक मी तिला मारूच दिली नाही.

"आयकलं!" मी आतून ओरडले. इतक्या मोठ्याने, की समोरच्या घराचं दार उघडलं.